पोटाची पदोन्नती

सरकारी लेखा विभागात उभी हयात घालवून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाला आपण पुन्हा एखाद्या श्रेणीत अडकू असे स्वप्नातही वाटत नाही. माझ्या वाट्याला मात्र निवृत्तीनंतर अशी एक श्रेणी आली. ती रुपयांत नसून मिलिग्रॅममध्ये आहे, तिच्या बढतीचे आदेश मंत्रालयातून न निघता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निघतात, आणि बढती मिळाल्याच्या आनंदात पेढे वाटायला जावे तर पेढ्यांच्या नुसत्या वासाने पोटात ढवळू लागते.

औषधाचे नाव टिर्झेपटाइड, मधुमेहावर आणि वजन उतरवण्यासाठी दिले जाणारे. ते आठवड्यातून एकदा, स्वतःच्या हाताने, स्वतःच्याच पोटात टोचून घ्यायचे असते. त्याच्या पायऱ्या सहा: २.५, ५, ७.५, १०, १२.५ आणि १५ मिलिग्रॅम. कोणत्याही पायरीवर किमान चार आठवडे काढल्याखेरीज वरच्या पायरीचा विचार होत नाही, आणि चार आठवडे काढले म्हणजे वरची पायरी मिळेलच असेही नाही. नोकरीतल्या आश्वासित प्रगती योजनेत दहा, वीस आणि तीस वर्षांनी तरी हाती काही पडण्याची सोय होती. येथे आश्वासन कसलेच नाही, प्रगती तेवढी वजनकाट्यावर दाखवायची असते.

माझी नेमणूक अर्थातच सर्वांत खालच्या पायरीवर झाली. साखर आणि वजन या दोन्ही विषयांत माझे गोपनीय अहवाल गेली कित्येक वर्षे प्रतिकूल येत होते, त्यामुळे निवडीबद्दल वाद नव्हता. वाद होता तो २.५ मिलिग्रॅमबद्दल. माझ्या मुलीच्या वयाच्या आमच्या डॉक्टरीणबाई अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "काका, या अडीचनं वजन उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. ही फक्त पोटाला औषधाची ओळख करून द्यायला असते." आता हे औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, आणि महिन्याला अशा चार कुप्या लागत. म्हणजे नुसत्या ओळखीपोटी चौदा हजार रुपये. ज्या खर्चातून कोणतेही फलित अपेक्षित नाही असे देणाऱ्याने आधीच सांगितले आहे, तो खर्च मी माझ्या संपूर्ण सेवाकाळात कधी मंजूर केला नव्हता. परंतु येथे आक्षेप घेणारा मी आणि ज्याच्या पोटावर तो घ्यायचा तोही मीच असल्यामुळे, नस्ती टिप्पणीशिवाय पुढे सरकली.

या संथपणामागचे कारण पुढे बाईंनी समजावून सांगितले, आणि ते माझ्यातल्या हिशेबनिसाला पटले. जेवणानंतर आतड्यांतून जे संप्रेरक पाझरून "आता पुरे" असे मेंदूला कळवतात, त्यांपैकी दोघांचे सोंग हे औषध एकाच वेळी घेते. ते भूक मारते आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते. शरीरात ते निम्मे व्हायला सुमारे पाच दिवस लागतात. त्यामुळे पुढच्या आठवड्याची सुई टोचताना आधीच्या सुईतले बरेचसे शिल्लक असते, ती शिल्लक पुढे ओढली जाते, आणि आवक-जावक सारखी होऊन खाते स्थिरावायला साधारण चार आठवडे जातात. पहिल्याच दिवशी एकदम दहा टोचले, तर मळमळ, उलट्या, जुलाब आणि बद्धकोष्ठ हे चारही विभाग एकाच वेळी संपावर जाण्याची भीती असते. पोटाला हळूहळू सवय लागते आणि बहुतेकांचा त्रास कालांतराने ओसरतो, म्हणून ही परिवीक्षा.

ही मीमांसा घरी आईपुढे मांडण्याचा प्रयत्न मी केला. आमच्या घरात ओवा, हिंगाष्टक, आले-लिंबाचे पाचक आणि आवळासुपारी यांच्यासाठी एक स्वतंत्र फळी आहे, आणि त्या फळीवरील प्रत्येक बरणीचा एकमेव हेतू माणसाला अधिक भूक लागावी हा आहे. पिढ्यान्‌पिढ्या भूक वाढवण्याचा उद्योग चालवणाऱ्या घराण्यात भूक मारण्यासाठी महिन्याला चौदा हजार रुपये मोजणारा वारस निपजावा, याचे आईला मनापासून दुःख झाले. "अरे, जेवायचं नाही तर पानावरून उठावं. त्याला सुई कशाला?" असे ती म्हणाली, आणि या युक्तिवादाला वैद्यकशास्त्रात उत्तर असले तरी आमच्या स्वयंपाकघरात नव्हते. त्यात भाच्याने भर घातली. या कुळातले पहिले औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, आणि त्याचा शोध गिला मॉन्स्टर नावाच्या, वर्षातून मोजक्याच वेळा जेवणाऱ्या एका विषारी सरड्याच्या लाळेतून लागला, ही खरी असलेली माहिती त्याने नेमकी पाने वाढलेली असताना दिली. तो प्राणी घोरपडीसारखा दिसतो का, एवढेच आईने विचारले, साधारण तसाच, असे कळल्यावर ती म्हणाली, "घोरपडीनं गड चढतात असं ऐकलं होतं. वजन उतरतं हे आजच कळलं." माझी सुई प्रयोगशाळेत बनते, तिच्यात सरड्याचा अंशही नाही, हे मी सांगत राहिलो, पण त्या दिवसापासून आई माझ्या औषधाच्या पेनाला, म्हणजे आत औषध भरलेल्या पेनाच्या आकाराच्या इंजेक्शनाला, "तुझी घोरपड" म्हणते. घोरपडीचा मुक्काम फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांमध्ये, श्रीखंडाच्या डब्याच्या अगदी शेजारी असतो, आणि या शेजाराविषयी मी घरात वारंवार तोंडी निषेध नोंदवला आहे.

टोचण्याचा विधी वाटतो तितका भयंकर नाही. पेनाला नवी सुई लावायची, औषधाचा थेंब सुईच्या टोकाशी दिसेपर्यंत हवा काढून टाकायची, बेंबीपासून दोन-तीन बोटे लांबची जागा निवडायची, टोचायचे, बटण शेवटपर्यंत दाबायचे आणि सावकाश पाच मोजून सुई बाहेर काढायची. सुईची लांबी चार मिलिमीटर. माझ्या पोटाचा एकूण विस्तार पाहता तिथल्या रहिवाशांपैकी फारच थोड्यांना तिच्या आगमनाची वार्ता पोचते. एकाच जागी पुन्हापुन्हा टोचू नये असा नियम असल्यामुळे डावे पोट, उजवे पोट, डावी मांडी, उजवी मांडी अशा बदल्या मी एका वहीत लिहून ठेवतो. ही वही सेवापुस्तकाइतकीच व्यवस्थित ठेवलेली आहे, फक्त हिच्यात माझी एकही बदली रद्द करून घेता आलेली नाही. पाच मोजण्याचे काम सौभाग्यवतींनी स्वतःकडे घेतले आहे, कारण "अहो, तुम्ही पाच मोजता ते तिनातच संपतात" असे त्यांचे निरीक्षण आहे.

वार कोणता निवडावा, हा प्रश्न मात्र सुईपेक्षा बोचरा ठरला. औषधाचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत अधिक असतो, आणि आठवड्याच्या शेवटाकडे भूक दबकत दबकत परत येते. शुक्रवारी टोचावे तर रविवारचे मटण हातचे जाते. सोमवारी टोचावे तर मंगळवारी येणाऱ्या अंगारकीच्या रात्री चंद्रोदयानंतर मोदकांकडे अनासक्त दृष्टीने पाहत बसावे लागते. शेवटी रविवारी रात्रीच्या जेवणानंतरची वेळ पक्की झाली, ज्यायोगे संपूर्ण रविवार भुकेच्या ताब्यात राहतो आणि सोमवार, ज्याची तसाही कोणाला आवड नसते, मळमळीला देता येतो. यात औषधावर मात केल्याचे जे समाधान मला वाटते, ते डॉक्टरीणबाईंच्या कानांवर जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

पाचवर बढती झाली आणि मग मला औषध म्हणजे काय ते समजले. त्याच सुमारास नात्यातले एक लग्न आले. जिलबीच्या पंगतीत माझी जी काही ख्याती आहे ती दोन्ही पक्षांना ठाऊक असल्यामुळे, वाढप्यांनी माझ्या पानासमोर मुक्काम ठोकला. मी मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर या डाव्या बाजूच्या मंडळींची विचारपूस करून वरणभाताच्या मुदीपर्यंत पोचतो न पोचतो, तोच पोटातून कामकाज संपल्याची घोषणा झाली. ती घोषणा अशी असते, की तिच्यावर अपील चालत नाही. पुढचा घास हातात असतो, जिभेची काही तक्रार नसते, पण घशाच्या खाली कोणीही तो स्वीकारायला तयार नसते. यजमान स्वतः जिलब्यांचे ताट घेऊन आले. मी नको म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या पत्नीकडे पाहिले, आणि आवाज खाली आणून विचारले, "रिपोर्ट काही वाईट आलेत का?" महाराष्ट्रात माणसाने मधुमेह असताना जिलबी खाल्ली तर कोणाला काही वाटत नाही, त्याने ती नाकारली की लोक काळजीत पडतात.

ढेकरांविषयी मी लिहिणार नाही. उकडलेल्या अंड्यांचा वास ज्यांना आवडत असेल त्यांना ते कदाचित सुसह्य वाटतील, एवढे सांगून तो विषय संपवतो. इसबगोलाचा दर्जा मात्र आमच्या घरात मिठाच्या बरोबरीचा झाला, आणि स्नायू झडू नयेत म्हणून आधी प्रथिने खा अशी ताकीद असल्याने, भाताशिवायचे वरण आणि पावाशिवायची उसळ असे वैराग्याचे पदार्थ माझ्या पानात येऊ लागले.

आता पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीविषयी सांगितले पाहिजे, कारण या औषधाचे खरे राजकारण तिथे चालते. सकाळी फिरून झाल्यावर आम्ही काही निवृत्त मंडळी कट्ट्यावर बसतो. पूर्वी तिथे गुडघे आणि मुलांची पॅकेजे हे विषय असत; आता "सध्या किती वर आहात?" एवढाच प्रश्न विचारला जातो. अडीचवाल्यांनी ऐकावे, पाचवाल्यांनी अधूनमधून मान डोलवावी, साडेसातवाल्यांनी अनुभवाचे चार शब्द सांगावेत, अशी तिथली उतरंड आहे. सर्वांच्या वर एक निवृत्त कार्यकारी अभियंता आहेत, ते साडेबारावर आहेत. ते फारसे बोलत नाहीत. "साडेबाराला काय होतं ते तुम्हाला तिथे आल्यावर कळेल" असे म्हणून ते दूर सिंहगडाकडे पाहतात.

या सुव्यवस्थित रचनेला धक्का दिला तो एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी. त्या आमच्यानंतर रुजू झाल्या, पाचवर पोचल्या आणि तिथेच थांबल्या. बढती मागितली नाही, कोणाला विचारले नाही, आणि काही महिन्यांत कट्ट्यावरच्या सर्व ज्येष्ठांपेक्षा अधिक उतरल्या. सेवाज्येष्ठतेचा असा भंग मी माझ्या कार्यालयातही कधी पाहिला नव्हता. "त्यांना मधुमेह नाही, मधुमेह असलेल्यांचं वजन थोडं कमीच उतरतं" हा मुद्दा मी कट्ट्यावर मांडला. तो शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, तरीही तो मांडताना माझा आवाज चढला हे खरे.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन मी साडेसातची मागणी केली. पाचवर वजन उतरत असताना वर कशाला जायचे, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "चार आठवडे पूर्ण झालेत." त्यांनी मला २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे दाखवले. मधुमेह नसलेल्या स्थूल माणसांना बहात्तर आठवडे हे औषध दिले, तेव्हा पाच मिलिग्रॅमवर सरासरी १५ टक्के वजन उतरले, दहावर १९.५ आणि पंधरावर २०.९ टक्के. म्हणजे मात्रा तिप्पट केल्यावर पदरात आणखी सहाच टक्के. इतक्या वाढीव तरतुदीवर इतके किरकोळ उत्पन्न दाखवणारा प्रस्ताव मी स्वतः लाल शाईने परत पाठवला असता. मी गप्प घरी आलो. पुढे मात्र काटा महिनाभर एकाच आकड्यावर बसून राहिला, आणि गुणवत्तेवर म्हणा किंवा गुणवत्तेच्या अभावावर म्हणा, साडेसात मंजूर झाले. ते सोसले. त्यानंतर दहा झाले.

दहाच्या सोमवारी शेजारच्या घरात कोणीतरी लसणाची फोडणी दिली. दोन भिंती आणि एक बंद खिडकी ओलांडून ती माझ्यापर्यंत आली, आणि पुढचा बराचसा आठवडा मी ज्या खोलीत काढला तिला कडी आतून होती. पाणीसुद्धा टिकेना, तेव्हा सौभाग्यवतींनी थेट दवाखान्यात फोन लावला. बाईंनी आधी पोटदुखी पाठीत जाते का, लघवी कमी झाली आहे का, असे खोदून विचारले, क्षारसंजीवनीचे घोट घ्यायला लावले, रक्त तपासून घेतले, आणि सर्व काही ठीक असल्याची खात्री झाल्यावर पुढच्या आठवड्यापासून साडेसातवर परत, असे फर्मावले. "मग पुन्हा दहा कधी?" असे मी विचारले. "कदाचित कधीच नाही. जिथे सोसतं आणि वजन उतरतं, तीच तुमची मात्रा," त्या म्हणाल्या. औषध बंद केले की उतरलेले वजन बहुतेकांचे बऱ्याच अंशी परत येते, त्यामुळे या खात्यातून निवृत्ती नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकले. निवृत्ती नसलेल्या पदावर पदावनती, असा आदेश हाती घेऊन मी बाहेर पडलो.

कट्ट्यावर हे सांगण्याचा प्रश्नच नव्हता. "दहावर होतो, सध्या प्रशासकीय कारणास्तव साडेसातच्या प्रतिनियुक्तीवर आहे" असे वाक्य मी मनाशी तयार केले आणि साडेसातचे पेन आणायला संध्याकाळी मेडिकलमध्ये गेलो. तिथे माझ्या पुढे आमचे कार्यकारी अभियंता उभे होते. त्यांचे माझ्याकडे लक्ष जाण्यापूर्वीच आतून पोऱ्या ओरडला, "साहेब, तुमची नेहमीची पाचची पॉवर आली बघा!"

साहेबांनी पिशवी घेतली, वळले, आणि आमची नजरानजर झाली. "घरच्यांसाठी नेतोय," ते म्हणाले.

"माझंही तसंच आहे," मी म्हणालो, आणि पोऱ्याने काउंटरवर ठेवलेल्या साडेसातच्या खोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कट्टा पुरेसा भरल्यावर, त्यांनी मोठ्याने विचारले, "काय, दहा कसं चाललंय?"

"उत्तम," मी म्हणालो. "आणि आपलं साडेबारा?"

"अगदी सुरळीत," असे म्हणून ते सिंहगडाकडे पाहू लागले.