पाहायचंय ते लोखंड नव्हे, शिसं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आला. ‘रेडिएशन लागलेलं लोखंड जन्मभर किरण सोडतं. ट्रॉम्बेचं अणुभंगार कुर्ल्यात विकतात, त्याच्याच सळया तुमच्या बिल्डिंगमध्ये. कुठलाच देश असं भंगार बाहेर सोडत नाही. दिल्लीत मायापुरीला हेच झालं. अ‍ॅप घ्या, भांडी तपासा.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. राहतो चेंबूरला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘रेडिएशन लागलेलं लोखंड.’ एक्स-रे काढून आलेला माणूस किरण सोडत नाही, तसंच गॅमा किरण झेललेलं कपाटही सोडत नाही. धातू खरोखर किरणोत्सारी होतो तो अणुभट्टीच्या आत, न्यूट्रॉनच्या माऱ्यात. पोलादातल्या किंचित कोबाल्टचा तिथे कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी प्रकार होतो. आणि तोही जन्मभर नाही, दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होत जातो. तिसरा प्रकार वर बसलेल्या किरणोत्सारी धुळीचा. ती बरेचदा धुऊन, घासून निघते. मेसेजने तिन्ही एकाच पोत्यात भरलेत.

‘ट्रॉम्बेचं भंगार, कुर्ल्यात.’ ना तारीख, ना गाडी, ना पावती. यावर काय बोलणार?

‘कुठलाच देश सोडत नाही.’ इथे अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जुलै २००० मध्ये आपल्या केंद्रांतल्या किरणोत्सारी क्षेत्रांतलं भंगार धातू बाजारात पुनर्वापराला द्यायचं थांबवलं. तिथल्या पोलाद कारखानदारांचाच विरोध होता. गिऱ्हाईक आपल्या मालाकडे संशयाने बघेल ही त्यांची धास्ती. ती मला पटते. पण जर्मनीत, स्वीडनमध्ये मोजून, मर्यादेखाली असेल तर धातू सोडतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निकषात कोबाल्ट-६० ची मर्यादा ग्रॅमला ०.१ बेकेरल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकेरल). हिशोब असा धरलाय की त्यातून कुणाला वर्षाला साधारण १० मायक्रोसिव्हर्टच्या (अंगाला लागणारे किरण मोजायचं माप) वर मात्रा मिळू नये. निसर्गाकडून आपल्याला सरासरी २४०० मिळतातच.

‘मायापुरीला हेच झालं.’ नाही हो! २०१० साली मायापुरीच्या भंगारात आलं ते दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, वर्षानुवर्षं पडून असलेलं गॅमा विकिरण यंत्र. लिलावात विकलेलं! गाळ्यात ते फोडलं, आतले कोबाल्ट-६० चे तुकडे बाहेर आले, एक माणूस गेला. अणुकेंद्राचा संबंध नव्हता. सळयांची भीती मात्र हवेतली नाही. १९८३ मध्ये मेक्सिकोत हुआरेझला कॅन्सरच्या उपचाराचं जुनं यंत्र असंच भंगारात गेलं आणि त्याचा कोबाल्ट थेट सळयांत उतरला. जानेवारी १९८४ मध्ये तसल्या सळयांचा ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेजवळून गेला, तिथले सेन्सर वाजले, तेव्हा कुठे कळलं.

ग्रुपवर एका काकांनी धीर दिला, ‘भट्टीत सगळं जळून जातं.’ काका, कोबाल्ट पोलादातच राहतो. सिझियम हा दुसरा किरणोत्सारी धातू वाफ होऊन धुराच्या फिल्टरमधल्या धुळीत साठतो, युरेनियम वितळलेल्या पोलादावर तरंगणाऱ्या मळीत जातं. म्हणून तपासणी भट्टीच्या आधी, ट्रक फाटकावर असतानाच व्हायला हवी.

अ‍ॅपने भांडी तपासणं सोडा. कॅमेऱ्यावर काळी टेप लावून काही अ‍ॅप तीव्र किरण टिपतात, पण डब्यातला सूक्ष्म अंश त्यांना दिसत नाही.

राहिलं कुर्ला. परवा ओळखीच्या भंगारवाल्याच्या गाळ्यात गेलो. काट्याशेजारी दोरीला लोहचुंबक लटकलेला, फळीवर कानस. एवढीच त्याची प्रयोगशाळा. किरणोत्साराचं पिवळ्यावरचं तीन पात्यांचं चिन्ह मोबाइलवर दाखवलं, तर म्हणाला, “पंख्याचं स्टिकर ना?” मग लाल त्रिकोणातलं नवं चिन्ह दाखवलं, कवटी आणि पळणारा माणूस असलेलं. ते त्याला लगेच कळलं. विचारलं, समजा एखाद्या बंद पडलेल्या इस्पितळातून छोटंसंच पण दोन माणसांना न उचलणारं यंत्र आलं, तर?

“एवढं जड म्हणजे आत शिसं. लोखंडापेक्षा भाव जास्त. आधी कापणार.”

ते शिसं आतले किरण अडवायलाच असतं. दोन्ही चिन्हं त्याला पाठवली. काट्याच्या वर चिकटवतो म्हणालाय.