माघातल्या फुलांसाठी आश्विनातली हमाली

पंचांगातला वसंत चैत्रात येतो. पुण्यातल्या गॅलरीत त्याचं काही चालत नाही. चैत्रात इथे पिटुनियासारख्या थंडीतल्या फुलझाडांच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात. गॅलरीचा वसंत माघात, वसंत पंचमीच्या आगेमागे. आणि त्याची सगळी हमाली आश्विनात, म्हणजे पंख्याखालून उठवत नाही त्या महिन्यात. घरात दिवाळीची साफसफाई निघालेली, माळ्यावरचे डबे खाली आलेले, आणि आपण गॅलरीत मांडी ठोकून शेणखत चाळतोय. या कार्याला घरातून पाठिंबा मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नये.

आधी माती. नर्सरीतून पोत्याने आणलेली लाल माती एकटीच वापरली, तर चार पाण्यांत तिची वीट होते. दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दहा इंची कुंडीला मूठभर नीमपेंड, हे माझं प्रमाण. खत मुरलंय का, हे नाकाला विचारायचं. वास आला तर ते मनाने अजून गोठ्यातच आहे. असलं कच्चं खत कुंडीत तापतं आणि कोवळी मुळं भाजून काढतं. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट बघून ‘एवढीशीच?’ म्हणत दोन उचलू नयेत. भिजली की एकच वीट घमेलं भरून वर येते.

खरी परीक्षा पिटुनियाच्या बियांची. एका ग्रॅममध्ये साधारण 10,000 बिया. पाकीट फोडल्यावर आत दिसते ती तपकिरी धूळ, आणि ‘बी कुठाय?’ म्हणून आपण पाकीट उलटं करून झटकतो, तेव्हा निम्मा हंगाम फरशीवर सांडतो. पंखा बंद करा. शिंक येणाऱ्याला आत पाठवा. चमचाभर कोरड्या बारीक वाळूत बी कालवून ओलसर ट्रेवर भुरभुरा, हलकेच दाबा, आणि वर माती टाकू नका. मेख इथेच आहे. या बियांना रुजायला उजेड लागतो. पण पेरलेलं उघडं टाकणं आपल्या रक्तातच नाही. कुणी बघत नाहीसं पाहून माणूस चिमूटभर माती टाकतोच, आणि मग तीन आठवडे बियाणं विकणाऱ्याचा उद्धार करत बसतो. फ्लॉक्सचं नेमकं उलटं, त्याला अंधार हवा. पाव इंच माती पांघरावी लागते. स्वीट पी रात्रभर पाण्यात भिजवायचा. नास्टर्शियम थेट कुंडीतच, मुळं हलवलेली त्याला खपत नाहीत. पॅन्झीच्या नादाला ऑक्टोबर हीटमध्ये लागूच नये, पारा 25 अंशांच्या वर गेला की ती रुजायला कां कूं करते. तिची रोपं नोव्हेंबरात विकत आणावीत. त्यात कमीपणा काही नाही.

सात ते दहा दिवसांत ट्रेवर हिरवे ठिपके दिसतात आणि घरात मायेचा पूर येतो. ज्यांचा या कार्याला विरोध होता, तेही येता-जाता पाणी घालू लागतात. मग एका सकाळी रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी झालेली. ओली, दाटीची, वारा न लागणारी जागा मिळाली की मातीतली बुरशी देठ कुजवते. याला रोपं कोलमडणं म्हणतात, आणि कोलमडलेलं रोप पुन्हा उठत नाही. उपाय पेरतानाच करायचा: बी विरळ टाका, पाणी खालून पाजा. ट्रे दहा मिनिटं पाण्याच्या परातीत ठेवला की पुरे. वरची माती सुकेपर्यंत पुन्हा नाही. सासूबाई तांब्या घेऊन येताना दिसल्या, तर अत्यंत नम्रपणे, पण आडवं व्हायचं.

पहिल्या जोडपानांनंतरची चार-सहा खरी पानं आली की आठ इंची कुंडीत एकच रोप. एकच! कुंडी महिनाभर रिकामी दिसते, म्हणून लोक तीन कोंबतात आणि तिन्ही कुपोषित राहतात. रोप चार इंचांचं झालं की शेंडा खुडा. इतक्या लाडाने वाढवलेल्याची मुंडी उडवताना हात थरथरतो, पण न खुडलेला पिटुनिया उंच काडी होऊन टोकाला एक फूल धरतो. नास्टर्शियमला मात्र खताचे लाड नकोत. नत्र जास्त झालं की ताटलीएवढी पानं येतात, फुलाचं नाव नाही.

जानेवारीत फुलं येतात. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं. तिथल्या कुंड्या बघून आल्यावर आठवडाभर आपल्या कुंड्यांकडे बघू नये. त्या काळात मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, मारावा, तो कॅलेंड्युलावर तयारच असतो. लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी, पानांच्या पाठीवर. खालच्या मजल्यावरच्या काकूंची चादर वाळत नाहीये ना, एवढं वाकून बघायचं.

सुकलेलं फूल काढताना नुसत्या पाकळ्या ओढू नका. खालचं हिरवं बोंड राहिलं की झाड बी धरतं आणि फुलांचा संप पुकारतं. फेब्रुवारीत पिटुनिया लांबुडका झाला की सरळ निम्मा छाटा आणि खताचं पाणी द्या. तीन आठवड्यांत पुन्हा भरतो. पाहुणे नेमके याच तीन आठवड्यांत येतात, गॅलरीत डोकावतात आणि विचारतात, ‘यंदा काही लावलं नाहीत वाटतं?’