सापाचे माइट ‘तीन दिवसांत साफ’ होत नाहीत

पावसाळा सुरू झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सर्पमित्रांच्या आणि साप पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सापाच्या माइटवर, म्हणजे त्याचं रक्त पिणाऱ्या बारीक जिवांवर, एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मजकूर असा असतो: ‘सापाला माइट झाले? घाबरू नका. कोकणच्या दमट हवेत हे होणारच. अंगाला खोबरेल तेल चोळा, पेटीत कडुनिंबाचा पाला घाला आणि पेटी दोन तास कडक उन्हात ठेवा. तीन दिवसांत साफ. नाहीच गेले तर आंब्यावरचं औषध पाण्यात थेंबभर टाकून फवारा, किंवा गुरांचं आयव्हरमेक्टिन अर्धा मिली टोचा. रानातले साप तर काहीच न करता बरे होतात.’

पुढे पाठवणाऱ्याला मदतच करायची असते, हे मला ठाऊक आहे. पण यातला एक सल्ला अर्धवट आहे, एक निरुपयोगी आहे आणि निदान तीन तरी सापाचा जीव घेऊ शकतात. म्हणून एकेक विधान घेतो. त्याआधी एक गोष्ट. इथे पाळीव साप म्हणजे बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे परदेशी साप. आपली धामण, नाग, अजगर घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बॉल पायथनचीही केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

‘कोकणच्या दमट हवेत हे होणारच.’

हवेतून माइट येत नाहीत. पाळीव सापांवर सर्रास सापडणारा माइट म्हणजे ऑफिओनिसस नॅट्रिसिस, रक्तावर जगणारा. तो एका सापावरून दुसऱ्यावर जातो, नाहीतर सापाच्या सामानातून येतो. जिथे तो आलेलाच नाही तिथे कितीही दमट असलं तरी तो उगवत नाही. मेसेजमध्ये खरं एवढंच, की एकदा शिरला की आपल्याकडे त्याची चंगळ असते. साधारण 24 ते 28 अंश तापमान आणि 80 टक्क्यांच्या वर आर्द्रता त्याला मानवते. जून ते सप्टेंबर गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही घरात हेच हवामान असतं.

‘होणारच’ म्हटलं की आले कुठून हे कोणी शोधत नाही, आणि तिथेच नुकसान होतं. नवा साप आणून पहिल्याच दिवशी जुन्याच्या शेजारी ठेवला, कोणाची वापरलेली पेटी किंवा लाकडाचा ओंडका घेतला, मित्राचा साप हाताळून तसेच आपल्या सापाकडे गेलो, या वाटा नेहमीच्या. आपल्याकडे आणखी एक आहे. घरी बॉल पायथन पाळणारी बरीच मुलं सर्पमित्रही असतात. विहिरीतून धामण काढायची, कापडी पिशवीत भरून घरी आणायची, वनखात्याचा माणूस येईपर्यंत पिशवी पायथनच्या पेटीवरच ठेवायची, आणि तीच हुक, तेच हातमोजे दोन्हीकडे वापरायचे. रानातल्या सापाच्या अंगावर गोचीड तर नेहमीच दिसतात, माइटही असू शकतात. याच वाटेने उलटा प्रवासही होतो, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. तुमच्या पेटीतले माइट त्या धामणीवर चढले, तर तुम्ही ते तिच्यासकट रानात सोडून येता. रेस्क्यूच्या पिशव्या आणि हुक वेगळे ठेवा, पिशव्या प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यात धुवा, आणि रेस्क्यूहून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पाळीव सापाला हात लावू नका.

नवा साप वेगळ्या खोलीत ठेवायचा तो सहा ते आठ आठवडे, जमलं तर तीन महिने. पेटीत कोकोपीट किंवा सोडणं न घालता पांढरा कागद अंथरायचा, म्हणजे काही फिरलं तर दिसेल. टिश्यू ओला करून सापाचं अंग डोक्याकडून शेपटीकडे हलकेच पुसा. मग टॉर्च घेऊन डोळ्याच्या कडा, हनुवटीखालची खाच, ओठांवरचे खड्डे आणि गुदद्वाराजवळची खवली बघा. पोट भरलेली मादी जेमतेम सव्वा मिलिमीटरची असते, काळपट आणि चकचकीत. टिश्यूवर नखाने दाबली की तांबूस डाग उमटतो. मातीच्या कणाचा तसा डाग पडत नाही. अंगावर राखेसारखी पांढरी भुकटी दिसली तर ती त्यांची विष्ठा. साप तासन् तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो आहे आणि भांड्याच्या तळाशी काळे ठिपके साचले आहेत, असं दिसलं तर टिश्यूचीही वाट बघू नका.

‘अंगाला खोबरेल तेल चोळा, कडुनिंबाचा पाला घाला.’

हा तो अर्धवट सल्ला. तेलात बुडालेला माइट गुदमरून मरतो, त्यात खोटं काही नाही. कोमट पाण्यात साप ठेवला तर पाण्याखाली गेलेले माइटही बुडून मरतात, मात्र साप डोकं वर ठेवतो आणि वाचलेले डोक्याकडे सरकतात. प्रश्न असा, की त्या क्षणी सापाच्या अंगावर असलेले माइट म्हणजे सगळे माइट नव्हेत. मादी अंडी सापावर घालत नाही. ती खाली उतरते आणि पेटीच्या सांध्यात, झाकणाच्या खोबणीत, ओंडक्याच्या सालीखाली, ओल्या अंधाऱ्या फटीत अंडी घालते. अंड्यातून निघणारं पिल्लू काही खात नाही. त्यानंतरच्या अवस्थेत ते रक्तासाठी सापावर चढतं, मग पुन्हा उतरून दडतं, आणि प्रौढ झालं की पुन्हा चढतं. तेल चोळून तुम्ही फक्त त्या दिवशी जेवायला आलेल्यांना मारता. वर तेल खवल्यांखाली राहतं, त्यात भुसा आणि धूळ अडकते. नाकपुड्यांत गेलं तर श्वास कोंडतो.

कडुनिंबाच्या पाल्याने काहीच होत नाही. धान्यात पाला घालतात ती गोष्ट वेगळी. इथे तो पेटीत ओलावा धरतो आणि माइटना दडायला आणखी एक जागा मिळते.

‘पेटी दोन तास कडक उन्हात ठेवा.’

सापासकट बंद पेटी उन्हात ठेवू नका. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नको. बॉल पायथनला पेटीच्या गरम बाजूला 32 अंशांच्या आसपास पुरतात, आणि थंड बाजूला सरकायची सोय लागते. झाकण लावलेली काचेची किंवा प्लॅस्टिकची पेटी अंगणात ठेवली की आत 40 अंशांच्या वर जायला फार वेळ लागत नाही, आणि सापाला पळायला जागा नसते. माइटना मात्र असते, ते फटीत शिरतात. साप मरतो आणि माइट उरतात.

ऊन वापरायचं तर रिकाम्या पेटीसाठी वापरा. साप दुसऱ्या स्वच्छ डब्यात हलवा. पेटी प्लॅस्टिकची असेल तर सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओता, कारण 50 अंशांच्या वरच्या उष्णतेत माइट काही सेकंदांत मरतात. काचेला एकदम उकळतं पाणी नको, ती तडकेल. ती साबणाने घासा. मग पेटी कडकडीत वाळवा, कारण कोरड्या हवेत अंडी सुकून जातात. लाकडाचे ओंडके, साली, जुनं कोकोपीट बंद पिशवीत भरून बाहेर काढा किंवा जाळा.

आपल्या चिऱ्याच्या घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. गिलावा नसलेल्या चिऱ्याला हजार भोकं असतात, आणि माइट उभ्या पृष्ठभागावर वर चढत जातात. पेटी भिंतीला टेकवून ठेवली असेल तर ते सरळ भिंतीत मुक्काम करतात. पेटी भिंतीपासून हातभर दूर टेबलावर ठेवा आणि टेबलाचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या लागू नयेत म्हणून आपल्याकडे फडताळाचे ठेवायचे तसे. वाट्यांत काही सापडलं तर पसारा किती आहे तेही कळतं.

‘तीन दिवसांत साफ.’

या तीन शब्दांनी सगळ्यात जास्त फसगत होते, कारण तिसऱ्या दिवशी साप खरोखर स्वच्छ दिसतो. अंगावरचे मेलेले असतात आणि फटीतली अंडी अजून फुटायची असतात. उबदार हवेत अंडं एक-दोन दिवसांत फुटतं, थंडीत तीन-चार दिवस घेतं. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास 25 अंशांना 13 ते 19 दिवसांचा, आणि उष्ण हवेत त्याहून कमी. एक मादी आयुष्यात साठ-ऐंशी अंडी घालते. ती महिनाभराहून अधिक जगू शकते, आणि भुकेलं पिल्लू रक्ताशिवाय दोन आठवडे काढू शकतं. म्हणजे ‘पेटी आठवडाभर रिकामी ठेवली होती’ यालाही अर्थ उरत नाही.

शेवटचा माइट दिसल्यानंतरही पुढचे सहा आठवडे काम चालू ठेवावं लागतं. दर तीन-चार दिवसांनी कागद बदला, पेटी घासून वाळवा, टिश्यूने अंग पुसून बघा. घरात एकाहून अधिक साप असतील तर सगळ्यांचं एकाच दिवशी करा, एकही माइट न दिसलेल्याचंसुद्धा. कंटाळून चौथ्या आठवड्यात सोडून देणारे बरेच असतात, आणि गणपतीच्या सुमाराला त्यांचा पुन्हा फोन येतो. तोवर लहान साप रक्त कमी होऊन मरगळलेला असतो, कात तुकड्यातुकड्याने निघत असते. माइट एका सापाकडून दुसऱ्याकडे जिवाणू नेतात हेही विसरू नका. घरातल्या माणसांच्या मनगटावर किंवा कमरेशी खाजरे पुरळ उठत असतील तर तेही याच माइटच्या चाव्यांचे असू शकतात.

‘आंब्यावरचं औषध फवारा.’

आंब्याच्या तुडतुड्यांवरची औषधं एकरी फवारणीसाठी बनवलेली असतात. त्यांत कीटकनाशकाबरोबर ते पाण्यात मिसळावं म्हणून घातलेले द्रावक असतात, आणि बंद पेटीत साप ते श्वासातून आणि कातडीतून घेत राहतो. ‘थेंबभर’ हे माप नाही. काही घरांत डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाच्या जुन्या बाटल्या अजून पडून आहेत. त्या औषधावर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, आणि सापाच्या खोलीत तर ती बाटली उघडूही नये.

पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचे खास सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेट्यांसाठी बनवलेले फवारे परदेशात वापरतात. तेही रिकाम्या पेटीवर मारतात, पाण्याचं भांडं काढून, आणि पूर्ण वाळून वास गेल्यावरच साप आत ठेवतात. आपल्याकडे बऱ्याच घरांत मांजर असतं, आणि पर्मेथ्रिन मांजराला विष आहे. मासे आणि कोळंबीलाही आहे, म्हणून अशी पेटी धुतलेलं पाणी पऱ्ह्यात किंवा विहिरीच्या काठावर ओतू नका.

‘गुरांचं आयव्हरमेक्टिन अर्धा मिली टोचा.’

इथे आकडेच बोलू देतो. आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांवरचं औषध. त्याच्या गुरांसाठीच्या 1 टक्का इंजेक्शनच्या एका मिलीत 10 मिलिग्रॅम औषध असतं. पशुवैद्य सापाला नेहमी देतात ती मात्रा किलोला 0.2 मिलिग्रॅमच्या घरात. अर्धा किलोच्या सापाला ती होते मिलीचा शंभरावा भाग. अर्धा मिली म्हणजे त्याच्या पन्नास पट. एवढ्या औषधाने साप मान टाकतो, उलटा पडून सरळ होऊ शकत नाही, आणि पुष्कळदा मरतो. कासवांना तर आयव्हरमेक्टिन कुठल्याच मात्रेत द्यायचं नसतं, त्यांच्या मज्जासंस्थेवर जाऊन ते मारतं. सापाबरोबर स्टार कासवालाही ‘एक टोचून टाका’ असं सांगणारे आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ते कासव पाळणंही बेकायदा आहे, हे वेगळंच.

औषध लागतं, अनेकदा लागतंच. काही पशुवैद्य फिप्रोनिल हे कीटकनाशक कापडावर घेऊन पुसायला सांगतात, काही दुसरं काही देतात. तो निर्णय साप बघून, त्याचं वजन आणि वय पाहून त्यांनी घ्यायचा. सरीसृपांचे जाणकार पशुवैद्य कोकणात कमी आहेत, पण तालुक्याच्या डॉक्टरांना मुंबई-पुण्यातल्या जाणकाराशी फोनवर बोलता येतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्यासकट सापाचं वजन करा, डब्याचं वजा करा, आणि तो आकडा हाताशी ठेवून फोन लावा.

‘रानातले साप काहीच न करता बरे होतात.’

रानातली धामण आज बांधावर, उद्या गडग्यात, परवा चार शेतं पलीकडे असते. तिच्यावरून उतरलेल्या मादीने गडग्यात अंडी घातली, तरी पिल्लं बाहेर येईपर्यंत धामण तिथे नसते. त्यातली बहुतेक उपाशी मरतात. पेटीतला साप अंड्यांपासून दोन वितींवर चोवीस तास बसलेला असतो, त्यामुळे प्रत्येक पिल्लाला जेवण मिळतं. पेटीबाहेर जाणं त्याच्या हातात नाही. कागद बदलणं, फटी घासणं आणि सहा आठवडे टिश्यू घेऊन बसणं हे त्याच्या वतीने आपल्यालाच करावं लागतं.