एक इंजेक्टर गेला की सहाही बदलायचे?

‘कॉमन रेल ट्रकचा एक इंजेक्टर गेला की पूर्ण सेटच टाकावा लागतो’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. (कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांना, डिझेल पुरवणारी एकच उच्च दाबाची नळी.) सहा नव्यांचं बिल सहज लाखाच्या घरात जातं, म्हणून आधी रिटर्न टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल मोजा: सहाही रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन आयडलवर (रेस न देता चालू) ठेवा. एकच बाटली भराभर भरली, तर तेवढाच इंजेक्टर टेस्ट बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) द्या. बऱ्याचदा नोझल आणि व्हॉल्व्ह सेटवर काम भागतं. बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा. जुना वॉशर गॅस सोडतो. नव्या इंजेक्टरचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरा, नाहीतर आयडल डुगडुगतं. मात्र पंपाचा धातूचा चुरा रेलमध्ये उतरला असेल, तर सगळेच तपासा. टाकी, नळ्याही धुवा.