‘सॉफ्टवेअर फुकट, मग बिल कसलं?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

दोन स्टार दिलेत, हरकत नाही. पण खोलीची थ्रीडी चित्रं बनवायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळत असताना आम्ही पैसे कसले घेतो आणि हॉलचं चित्र ठिपक्याठिपक्यांचं का दिलं, हे तुम्ही चारचौघांत विचारलंत, म्हणून उत्तरही इथेच देतो.

ब्लेंडर फुकट आहेच. 2002 पासून ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुणीही उतरवून घ्यावं. आमच्या कोटेशनमध्ये सॉफ्टवेअरचा रुपयाही नाही. पैसे आहेत ते मॉडेलिंगचे, मटेरियलचे आणि मशीन रात्रभर चालते त्याचे.

आता ठिपके. ब्लेंडरमधलं सायकल्स हे चित्र तयार करणारं इंजिन प्रत्येक पिक्सेलमधून किरण सोडतं आणि ते उजेडापर्यंत पोचतात का ते बघतं. तुमच्या हॉलमध्ये उजेड कसला, तर फॉल्स सीलिंगच्या खाचेत दडवलेल्या एलईडी पट्टीचा, तोही छतावर आपटून खाली येणारा. बहुतेक किरण हात हलवत परत येतात, त्याचेच हे ठिपके. ते निम्म्यावर आणायचे तर किरण चौपट लागतात, पावावर आणायचे तर सोळापट. म्हणून सोफा कुठे, कॅमेरा कुठे हे ठरेपर्यंत आम्ही कमी सँपलवरच, म्हणजे पिक्सेलमागे कमी किरण सोडून, काम करतो. तुम्ही रिव्ह्यूला जोडलेल्या चित्रावर कोपऱ्यात ‘ड्राफ्ट’ लिहिलेलं दिसतंय. ठिपके पुसणारा डीनॉइझर तेव्हाच का नाही फिरवला? इतक्या कच्च्या चित्रावर तो ठिपक्यांबरोबर व्हिनिअरच्या रेषाही पुसतो आणि टीव्हीमागचं लाकूड प्लॅस्टिकचं वाटायला लागतं.

फायनलनंतर तुम्ही पांढऱ्या मार्बलऐवजी गडद लाकडी फ्लोअरिंग मागितलंत. ‘नुसती फरशी बदला’ असं होत नाही सर. फरशीवरून उडणारा उजेड भिंतींवर आणि छतावर जातो. फरशी काळवंडली की अख्खी खोली बदलते. जादा बिल त्या रेंडरचं, म्हणजे चित्र पुन्हा नव्याने काढण्याचं आहे.

भाचा पाच मिनिटांत करून देतो म्हणालात. देत असेल. मीटिंगमध्ये दाखवायला असं झटपट चित्र देणारं रिअल टाइम सॉफ्टवेअर उत्तमच, वॉकथ्रूला (घरातून फिरल्यासारखं दाखवायला) आम्हीही तेच वापरतो.

राहिला प्रश्न, उत्तरेच्या बाल्कनीत ऊन कसं दाखवलं याचा. सूर्य आम्ही मनाने ठेवलेला नाही; पुण्याचे अक्षांश आणि तुम्हीच दिलेली जूनमधली सकाळची वेळ टाकली. त्या दिवसांत सूर्य उगवतोच ईशान्येकडून, थोडं ऊन येणारच. मात्र ब्रोशरमध्ये ‘बारमाही ऊन’ छापू नका, डिसेंबरात गिऱ्हाईक भांडायला येईल.

डिसेंबरचा व्ह्यू हवा असेल तर तारीख-वेळ कळवा. तो नवीन रेंडर धरला जाईल.