टीडीएस कापला म्हणजे सुटलो? फ्रीलान्सरांच्या ‘त्या’ मेसेजबद्दल

आयकर रिटर्नचे दिवस आले की एक मेसेज दर वर्षी डोकं वर काढतो. या खेपेला तो मला एकाच दिवसात तिघांनी पाठवला: ऐरोलीला राहणाऱ्या मावसबहिणीनं, एका भाषांतरकार मैत्रिणीनं आणि नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी. काका निवृत्त बँकवाले, त्यांचा फ्रीलान्सिंगशी काही संबंध नाही, पण फॉरवर्ड करायला संबंध कशाला लागतो?

मजकूर थोडक्यात असा: “फ्रीलान्सरांनो, सीएवर पैसे घालवू नका. क्लायंटनं १०% टीडीएस कापला की तुमचा टॅक्स भरून झाला. पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही, म्हणून रिटर्नही नको. ४४एडीएखाली कोणीही निम्मीच कमाई दाखवू शकतो. परदेशातून आलेले पैसे करमुक्त. २० लाखांच्या आत सरकारला काही कळवायचं नाही.”

मी सीए नाही. बरीच वर्षं ठाण्यात घरी बसून सबटायटल आणि भाषांतराची कामं करते, आणि यातल्या एका चुकीचं व्याज स्वतःच्या खिशातून भरलं आहे. मेसेज पटतो, कारण त्यातली पहिली दोन विधानं पगारदार माणसासाठी बरीचशी खरी आहेत. नोकरीत हिशेब कंपनीचं अकाउंट्स खातं बघतं. आपलं अकाउंट्स खातं म्हणजे डायनिंग टेबलावरची फाइल.

आधी टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स. कंपनी वर्षाचा पगार अंदाजे धरते, स्लॅब लावते आणि येणारा टॅक्स महिन्यामहिन्यानं कापते. त्यामुळे मार्चअखेर हिशेब बहुधा जुळतो. आपल्या क्लायंटला आपले बाकीचे क्लायंट माहीत नसतात, खर्च माहीत नसतो. तो १९४जे कलमाखाली व्यावसायिक फीवर सरसकट १०% कापून मोकळा होतो, तेही त्याच्याकडून वर्षाला मिळणारी रक्कम ५०,००० च्या वर गेली तर (एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा ३०,००० होती). तेच काम त्यानं कंत्राट म्हणून धरलं तर एकट्यानं काम करणाऱ्याचा फक्त १% कापतो.

आता आकडे. समजा, एका भाषांतरकाराला २०२५-२६ मध्ये खर्च वजा जाता १६ लाख उरले. न्यू रिजीममध्ये, म्हणजे नव्या करपद्धतीत, पहिले ४ लाख सुटले. पुढच्या ४ वर ५%, त्यापुढच्या ४ वर १०%, शेवटच्या ४ वर १५%. २० हजार, ४० हजार, ६० हजार, मिळून १,२०,०००. ४% सेस (टॅक्सवरचा उपकर) धरून १,२४,८००. देशी क्लायंटांनी ६ लाखांच्या बिलांवर ६०,००० कापले, बाकीचं काम परदेशी. म्हणजे ६४,८०० अजून द्यायचे आहेत, आणि त्यासाठी रिटर्न भरेपर्यंत थांबता येत नाही. टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा त्याहून जास्त टॅक्स राहत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो: १५ जूनपर्यंत १५%, १५ सप्टेंबरपर्यंत ४५%, १५ डिसेंबरपर्यंत ७५% आणि १५ मार्चपर्यंत सगळा. चुकलं की महिन्याला १% व्याज. मी पहिल्या वर्षी हेच चुकले. रक्कम फार नव्हती, पण ‘टॅक्स तर कापला होता ना?’ असं घरात चार वेळा ऐकावं लागलं.

कापलेला टीडीएस पोचला का, हेही आपणच बघायचं. एका एजन्सीनं माझ्या तीन बिलांतून १०% कापले. रिटर्न भरायला बसले, २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचा सरकारी तक्ता) उघडला, तर त्या एजन्सीच्या नावावर एक ओळसुद्धा नाही. फोन, मेल, पुन्हा फोन. आठ महिन्यांनी नोंद उमटली. कापून घेतलेला टॅक्स आयकर खातं पुन्हा आपल्याकडून मागू शकत नाही, असं आयकर कायद्याचं कलम २०५ सांगतं. पण २६एएसमध्ये नोंद नसली की रिफंड अडकतो आणि पत्रव्यवहार आपल्या गळ्यात पडतो. क्लायंटची तिमाही टीडीएस रिटर्नं ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांना भरायची असतात. त्यानंतरच्या पंधरवड्यात मी आता न चुकता २६एएस उघडते.

मग पावणेतेरा लाख. या आकड्यात ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन मिसळलेलं आहे आणि ते पगाराला आणि पेन्शनला मिळतं, फीला नाही. आपली रेषा १२ लाखांची. तिच्या आत ८७ए कलमाची रिबेट (टॅक्समधली सूट) टॅक्स शून्यावर आणते, पण शेअर विकून झालेल्या नफ्यावरचा खास दराचा टॅक्स तिच्यात बसत नाही. शिवाय १२ लाख ही टॅक्सची रेषा झाली. न्यू रिजीममध्ये रिटर्नची रेषा ४ लाखांवर आहे. व्यवसायाची एकूण जमा १० लाखांच्या वर गेली किंवा वर्षाचा टीडीएस २५,००० झाला, तर उत्पन्न त्याहून कमी असलं तरी रिटर्न भरायचंच. आणि न भरून तोटा कोणाचा? कापलेले पैसे परत मागायचा दुसरा रस्ताच नाही.

४४एडीए कलमाबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे, म्हणूनच जास्त फसवा आहे. सवलत खरी आहे: ठरलेल्या व्यवसायांना खर्च न दाखवता जमेच्या निम्मीच रक्कम उत्पन्न म्हणून धरता येते. मावसबहीण सॉफ्टवेअरची कामं घेते, तिची जमा ३६ लाख धरू. निम्मं म्हणजे १८ लाख उत्पन्न, त्यावर सेससकट टॅक्स १,६६,४००. सगळे क्लायंट देशी असतील तर टीडीएस ३,६०,००० कापलेला असणार, म्हणजे १,९३,६०० परत. हिशेबाची वह्या-पुस्तकं ठेवायची सक्ती नाही, आणि ॲडव्हान्स टॅक्स लागलाच तर तो १५ मार्चपर्यंत एकरकमी. पण निम्मं ही किमान पातळी आहे. त्यातून वर लॅपटॉपचा घसारा, नेटचं बिल असं काही वजा होत नाही. निम्म्याहून कमी दाखवायचं असेल आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर पुस्तकं आणि ऑडिट दोन्ही आलं. जमेची मर्यादा ५० लाख, रोखीची जमा ५% च्या आत असेल तर ७५ लाख.

आणि ‘कोणीही’? मुळीच नाही. यादी ठरलेली आहे: कायदा, वैद्यक, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, आणि अधिसूचनेनं आलेले आयटी, कंपनी सेक्रेटरी, अधिकृत प्रतिनिधी, चित्रपट कलाकार. ‘चित्रपट कलाकार’ या शब्दात गीतकार आहे, संवादलेखक आहे, कपडेपट करणारासुद्धा आहे. त्याच संवादांचं भाषांतर करून पडद्याच्या तळाशी लावणारी मी नाही. त्यामुळे मी खर्चाची बिलं जपते आणि आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म भरते. तुमचं काम यादीत बसतं का, की ते ४४एडी या वेगळ्या कलमाखालचा ‘धंदा’ ठरतं, या एका प्रश्नासाठी सीएची फी वसूल होते.

(ही सगळी कलमं २०२५-२६ च्या उत्पन्नाची. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे नंबर बदलले आहेत.)

परदेशी पैसे करमुक्त, हे भूत जुनं आहे. ८०आरआर नावाचं कलम एके काळी कलाकार, लेखक, खेळाडूंना परदेशी कमाईवर वजावट देत असे. परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींतल्या कमाईवर सचिन तेंडुलकरनं ‘मी अभिनेता’ म्हणून ती मागितली होती आणि २०११ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणानं ती मान्यही केली. पण तो जुन्या वर्षांचा वाद होता, वजावट केव्हाच संपली आहे. भारतात निवासी असाल तर जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. तिकडे टॅक्स कापला गेला असेल तर फॉर्म ६७ भरून त्याचं श्रेय मिळतं.

राहिले २० लाख. ती जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा आहे, आयकराशी तिचा संबंध नाही. ती नफ्यावर नाही, एकूण उलाढालीवर मोजतात आणि तिच्यात परदेशी बिलंही धरतात. म्हणजे मावसबहिणीला नोंदणी हवीच.

सरकारला काही कळवायचं नाही म्हणणाऱ्यांना व्यवसाय कर आठवत नाही. नोकरीत तो पगारातून जातो. महाराष्ट्रात स्वतंत्र काम करणाऱ्यानं पीटीईसी (म्हणजे व्यवसाय कराची) नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये स्वतः भरायचे, जुनी नोंदणी असेल तर ३० जूनपर्यंत. मी हे लिहून काकांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: “छान माहिती. पुढे पाठवू का?”