पैसा होता म्हणून नाही

दिल्याने विषय काढला तोच निकाल लावून. "इंग्रजांनी १९४८ साली सगळ्यांना दवाखाना फुकट केला, कारण लुटीचा पैसा घरात होता. श्रीमंताला दानत दाखवायला काय जातंय?"

"कसला श्रीमंत?" मास्तर उसळले. "दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा त्यांच्या तिजोरीत खडखडाट होता. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं, ते २००६ साली फिटलं. युद्धातसुद्धा पावावर रेशन नव्हतं, ते १९४६ मध्ये आलं."

"आणि आपले पैसे? युद्धात इथून नेलेल्या मालाचे, फौजेच्या खर्चाचे एक अब्ज पौंडांहून जास्त येणं होतं लंडनकडे. ते एकरकमी चुकतं केलं असतं तर?"

हे दिल्याचं म्हणणं खरंच आहे. ती रक्कम आपल्याला हळूहळू, अटी घालून मोकळी करून मिळाली. पण तिजोरी रिकामी आहे म्हणून दवाखाना, पेन्शन, भत्ता ही सगळी योजना बासनात बांधून ठेवणंही सोपं होतं. पंतप्रधान ॲटलींच्या सरकारने ती ठेवली नाही, आणि त्याचं कारण मला तिकडच्या १९३० च्या दशकातल्या बेकारीत दिसतं.

तेव्हा भत्ता मागणाऱ्याच्या घरी सरकारी माणूस चौकशीला यायचा. सामानसुमान बघायचा, जास्तीचं विका म्हणायचा. पोराला नोकरी लागली की बापाचा भत्ता कापला जायचा, म्हणून कमावती पोरं घर सोडून दुसरीकडे राहायची. या चौकशीला म्हणायचे 'मीन्स टेस्ट', आणि तिचं नाव काढलं की लोकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डिसेंबर १९४२ मध्ये, ऐन युद्धात, सगळ्यांसाठी विमा सुचवणारा बेव्हरिज या अर्थतज्ज्ञाचा अहवाल आला आणि विकत घ्यायला रांगा लागल्या. (हा माणूस जन्मला बंगालातल्या रंगपूरला.) त्याचा हिशेब साधा होता: सगळ्यांनी सारखी वर्गणी भरायची, सगळ्यांना सारखा हक्क, घरात काय आहे ते कुणी विचारायचं नाही.

"म्हणजे लखपतीलाही?" बंड्याने विचारलं.

हो, लखपतीलाही. फक्त गरिबांसाठी काढलेल्या रांगेकडे पुढे कुणी ढुंकून बघत नाही.

आमची डॉक्टरीणबाई एवढा वेळ गप्प होती. "दवाखान्याचं श्रेय बेव्हनला द्या, ॲटलींच्या आरोग्यमंत्र्याला. वेल्सच्या ट्रेडेगारचा खाणकामगार. तिथे कामगार पगारातून पैसे काढून गावाचा दवाखाना चालवायचे, ते त्याने लहानपणापासून पाहिलेलं. १९४८ च्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी प्रचंड बहुमताने विरोधात मत दिलं, तरी ५ जुलैला योजना सुरू झाली. त्याआधीचा आजारपणाचा विमा फक्त कमावत्या माणसाचा. त्याच्या बायकोला काही नाही. बाळंतपणानंतर अंग बाहेर आलेलं, अशा बायका वर्षानुवर्षं तशाच कामं करत होत्या. त्या पहिल्यांदा तपासायला आल्या. पहिल्या वर्षात पन्नास लाखांवर चष्मे दिले गेले. इतकी माणसं तोवर अंधुक बघत जगत होती."

दिल्या थोडा थांबला, पण हटला नाही. "बरं, वर्गणीचं सांगा. आठवड्याला ४ शिलिंग ११ पेन्स, हमालालाही तेवढेच आणि मॅनेजरलाही तेवढेच. हा कुठला न्याय?"

इथे मास्तरही त्याच्याकडे झुकले. हमालाला झेपेल एवढीच वर्गणी, म्हणून पेन्शनही तेवढंच तुटपुंजं: एकट्या माणसाला आठवड्याला २६ शिलिंग. त्यात भाडं भागेना. लाखो म्हाताऱ्यांना वेगळ्या सरकारी मदतीसाठी अर्ज करावा लागला, आणि त्या अर्जात पुन्हा विचारलं जायचं, घरात काय काय आहे?